वेळेआधी काढलेलं

चोवीस तासांनी जे आपोआप जाणारच आहे, ते माणूस दोन-तीन तासांत स्वतःच्या हाताने का काढून टाकतो?

सकाळी घाईत पाहिलेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं एखादं स्टेटस दुपारी नीट वाचावं म्हणून पुन्हा उघडायला जावं, तर त्या नावाच्या फोटोभोवतीचं कडंच नाहीसं झालेलं असतं. थोडी वाट पाहिली असती तर ते जाणारच होतं. तरी त्या माणसाने पुन्हा फोन हातात घेतला, स्वतःचं स्टेटस उघडलं, तीन टिंबांवर बोट ठेवलं, डिलीट निवडलं आणि 'नक्की काढायचं का' या प्रश्नाला होकार दिला. एवढा खटाटोप उगीच कुणी करत नाही. अमक्याला हे दिसू नये असं वाटलेलं असतं, नाहीतर आपण लोकांना असे दिसू नये असं वाटलेलं असतं. यंत्र वेळ झाली म्हणून पुसतं. माणूस कुणाचा तरी विचार करून पुसतो. या दुसऱ्या पुसण्याबद्दल मला मनापासून आस्था आहे. बोललेलं मागे घेण्याची संधी आयुष्यात फार कमी वेळा मिळते, आणि ती मिळाल्यावर माणूस काय करतो त्यातून त्याची पारख होते.

आपल्याकडे स्टेटसने किती जागा व्यापली आहे! पहाटे उठल्या उठल्या कुणाच्या तरी स्टेटसला विठ्ठलाचं त्या दिवशीचं रूप असतं. त्याखाली भावाचा वाढदिवस, गाणं लावून, सहा फोटो एका चौकटीत बसवून. मासे विकणाऱ्या मावशींनी टोपलीचा फोटो टाकलेला असतो: आज सुरमई आणि बोंबील आहेत, अकरापर्यंत सांगा. कपडे शिवणाऱ्या ताईंनी नव्या ब्लाउजची पाठ दाखवलेली असते. गावाकडच्या चुलतभावाने बैलजोडी ठेवलेली असते, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेल्या भाचीने एक निर्धाराचं वाक्य, आणि कॅनडातल्या मैत्रिणीने खिडकीबाहेरचा बर्फ. ज्यांनी आयुष्यात कधी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं नाही, सभेत दोन शब्द बोलले नाहीत, अशा माणसांनाही स्टेटसमुळे चार लोकांसमोर काहीतरी मांडता येऊ लागलं. म्हणून स्टेटसला हलकं लेखणं मला पटत नाही. अनेकांचं सगळं सार्वजनिक बोलणं तेवढंच आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची मूळ कल्पनाच स्टेटसची होती. २००९ मध्ये जॅन कूम यांच्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की फोनमधल्या प्रत्येक नावापुढे तो माणूस सध्या काय करतो आहे ते दिसावं: दुसऱ्या फोनवर आहे, व्यायामशाळेत आहे, बॅटरी संपत आली आहे. निरोपांची देवाणघेवाण त्यातून पुढे आली. ती नावापुढची ओळ आपण बदलेपर्यंत तशीच राहायची. पुसून जाण्याची कल्पना दुसरीकडून आली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये स्नॅपचॅट काढलं. त्यातला फोटो पाहिला की नाहीसा व्हायचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांनी चोवीस तास टिकणारी 'स्टोरी' आणली. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने तीच पद्धत उचलली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, आपल्या आठव्या वाढदिवसाच्या सुमाराला, व्हॉट्सअ‍ॅपनेही. त्या वेळी कंपनीने नावापुढची जुनी ओळ काढूनच टाकली होती. लोकांनी इतकी तक्रार केली की मार्चमध्ये ती परत आणावी लागली. टिकणारं एक आणि जाणारं एक, दोन्ही लोकांना हवं होतं.

जाणारं लिहिताना माणूस अधिक मोकळा होतो, असा या सगळ्या कंपन्यांचा अंदाज होता. तो अंदाज सगळीकडे खरा ठरला नाही. ट्विटरने 'फ्लीट्स' नावाने चोवीस तासांत जाणारं लेखन सुरू केलं. २०२० च्या मार्चमध्ये ब्राझीलपासून त्याची चाचणी सुरू झाली, जूनमध्ये ती भारतात आली आणि नोव्हेंबरात ते जगभर खुलं झालं. जे लोक तिथे नुसते वाचतात, लिहायला धजावत नाहीत, ते यामुळे लिहिते होतील असं कंपनीला वाटत होतं. ३ ऑगस्ट २०२१ रोजी फ्लीट्स बंद करण्यात आले. कंपनीने कारण दिलं ते असं, की नवे लोक बोलते झालेच नाहीत. जे आधीपासून भरपूर लिहीत होते तेच फ्लीट्सही लिहीत राहिले. लिंक्डइननेही आपल्या स्टोऱ्या त्याच वर्षी सप्टेंबरअखेर काढून टाकल्या. यातून मला एक गोष्ट कळते. बोलायला भीती वाटते ती आपले शब्द किती काळ राहतील याची कमी आणि ते कोण ऐकणार याची जास्त.

व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसचं वेगळेपण इथेच आहे. तुमचा नंबर ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांचा नंबर तुमच्याकडे आहे, त्यांनाच ते दिसतं. म्हणजे बघणारे सगळे ओळखीचे. पण ही ओळख किती परींची! सख्खी बहीण, साहेब, नणंद, घरमालक, मुलाच्या वर्गशिक्षिका, गॅस सिलिंडर आणणारे दादा, कधीकाळी एकदाच घरी येऊन गेलेला प्लंबर, आणि जिच्याशी आता बोलणं उरलेलं नाही पण नंबर खोडवत नाही अशी जुनी मैत्रीण. एरवी ही माणसं एका खोलीत कधी जमणार नाहीत. आपण साहेबांशी एका आवाजात बोलतो, बहिणीशी दुसऱ्या. स्टेटस ठेवताना मात्र एकच आवाज सगळ्यांना ऐकू जातो. हवं तर काही नावं वगळायची सोय आहे, आणि सासरच्या माणसांना वगळून स्टेटस ठेवणाऱ्या कितीतरी सुना असतील. पण भावनेच्या भरात वगळायचं राहून जातं. मग थोड्या वेळाने डोळ्याच्या चिन्हापुढची यादी उघडावी, तर त्यात ते नाव दिसतं, आणि स्टेटस काढलं जातं.

रात्री अकरानंतरची टोमण्याची स्टेटस सकाळी सहाला नसतात. ती कुणासाठी होती हे बहुधा एकालाच कळलेलं असतं, बाकीचे सगळे उगीच साक्षीदार. मी अशा काढण्याकडे कधी पळपुटेपणा म्हणून पाहू शकले नाही. रागात लिहिलेलं पत्र पूर्वी उशाखाली ठेवून सकाळी पेटीत टाकायची किंवा फाडायची पद्धत होती. मधली ती रात्र आता उरलेली नाही. लिहिलं त्या क्षणी ते दोनशे जणांच्या हातात असतं. मग विचार करायला मिळते ती पाठवल्यानंतरची रात्र. सकाळी उठून स्टेटस काढणारा माणूस तोच विचार उशिरा का होईना, करतो आहे.

पण स्टेटस काढण्याला मनाच्या पश्चात्तापापलीकडेही अर्थ आहे, हे २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये सगळ्यांना कळलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माणसांची स्टेटस म्हणजे मदतीच्या हाका झाल्या होत्या. कुठल्या रुग्णालयात ऑक्सिजनचा बेड आहे, कुठल्या मेडिकलमध्ये रेमडेसिविर मिळतंय, प्लाझ्मा कोण देऊ शकेल, सिलिंडर भरून कुठे मिळतो. ज्याला जे कळेल ते तो ठेवत होता, आणि भल्या हेतूनेच ठेवत होता. अडचण अशी की सकाळी दहाला असलेला बेड साडेदहाला नसायचा. स्टेटस मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत तिथेच असायचं. त्या नंबरवर दिवसभर लोक फोन करत राहायचे. पलीकडे रुग्णालयातला एकच माणूस 'नाही हो, संपलं' म्हणत राहायचा, आणि अलीकडे ज्याच्या आईचा ऑक्सिजन खाली चाललेला असायचा त्याची पाच-दहा मिनिटं अशा एकेका फोनात जायची. चोवीस तास हा काळ एरवी केवढासा! त्या दिवसांत तो फार लांब होता.

तेव्हा काही मुलांनी स्वतःच एक शिस्त लावून घेतलेली मी पाहिली. स्टेटस ठेवायच्या आधी नंबर फिरवून खात्री करायची. खाली वेळ लिहायची: दुपारी दोन वाजता विचारलं, दोन बेड आहेत. तासाभराने पुन्हा विचारायचं, आणि बेड गेले असतील तर स्टेटस लगेच काढायचं. ठेवण्याबद्दल त्यांचं कौतुक झालं. काढण्याबद्दल कुणी केलं नाही, कारण काढलेलं कुणाला दिसतच नाही. पण त्या काढण्याने कुणाचा तरी एक फुकटचा फोन वाचत होता. आजही 'ओ निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज' हे स्टेटस रक्त मिळाल्यावर, किंवा रुग्ण गेल्यावर, तसंच राहून जातं. दुसऱ्याने ते आपल्या स्टेटसला घेतलेलं असतं, तिसऱ्याने त्याच्याकडून. घरात दुःख झालेलं असताना तो फोन वाजत राहतो, 'रक्त द्यायला येऊ का?' विचारणारा चांगल्याच मनाचा असतो, आणि उत्तर देणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. गरज भागली की स्टेटस काढणं हे रक्तदानाइतकंच त्या कामाचा भाग आहे, असं मला वाटतं.

काढण्याची खरी किंमत मला कळली ती घरातल्या एका प्रसंगात. माझे थोरले मामा मिरजेला वारले. त्यांचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, सुरतेला नोकरीला. अशा वेळी जे सांगतात तेच त्याला फोनवर सांगितलं होतं: बाबांची तब्येत जास्त आहे, निघून ये. तो रात्रीच्या गाडीने निघाला होता. त्याला प्रवासात एकट्याला हे कळू नये, स्टेशनवर धाकट्या मामांनी न्यायला जावं आणि समोरासमोर सांगावं, असं ठरलं होतं. सगळ्यांना तशी ताकीद होती. पण दादाच्या बहिणीचा, म्हणजे ताईचा मुलगा, कॉलेजात जाणारा, आजोबांचा लाडका. त्याने पहाटे आजोबांचा फोटो फुलांच्या चौकटीत बसवून 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं स्टेटस ठेवलं. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. आजोबांसाठी आपण काहीतरी करावं एवढंच त्याच्या मनात होतं.

कुणीतरी ते पाहिलं आणि धावत येऊन धाकट्या मामांना सांगितलं. मामा त्याच्या शेजारी येऊन बसले. आवाज चढवला नाही.

"बाळा, दादा अजून गाडीत आहे. स्टेटस काढ आधी."

मुलाला एकदम उमगलं आणि त्याचा हात थरथरायला लागला. त्याने स्टेटस उघडलं. खाली डोळ्याचं चिन्ह, शेजारी आकडा. बोट वर सरकवलं की पाहिलेल्यांची नावं येतात, प्रत्येक नावाखाली वेळ. मी त्याच्या मागेच उभी होते. वर्गमित्रांची नावं, सोसायटीचे सेक्रेटरी, क्लासचे सर. यादी लांब होती.

"मामानं बघितलंय का, ते बघू का?" त्याने दादाबद्दल विचारलं. "काढलं की यादीपण जाते, आजोबा."

"राहू दे यादी," मामा म्हणाले. "तू बघेपर्यंत तो बघेल. काढ."

त्याने काढलं. दादाने ते पाहिलं होतं की नाही, हे मग कळायची सोयच उरली नाही. शिवाय ज्याने फोनमधल्या निळ्या टिका बंद ठेवलेल्या असतात त्याचं नाव अशा यादीत येतच नाही, त्यामुळे यादी शेवटपर्यंत वाचूनही खात्री झाली नसती. मामांनी ते ओळखून नव्हे, पण त्यांना त्या क्षणी जे महत्त्वाचं वाटलं ते केलं: आपल्याला कळण्यापेक्षा त्याला न कळणं मोठं. सकाळी ते स्टेशनवर गेले, दादाच्या हातातली बॅग आपल्या हातात घेतली आणि फलाटावरच त्याला सांगितलं. त्याला आधीच समजलं होतं का, हे घरात कुणीही, कधीही त्याला विचारलेलं नाही. त्या मुलालाही पुन्हा कुणी बोल लावला नाही. काढलेली गोष्ट काढलेलीच राहिली.

पुसण्याचेही प्रकार असतात. आपल्या जुन्या पोथ्यांमध्ये लेखनिकाचं अक्षर चुकलं की तो त्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा आणि वर नीट अक्षर लिहायचा. पोथी चाळताना ते पिवळे ठिपके आजही दिसतात; कधी लेपाखालचं चुकलेलं अक्षरही ओळखू येतं. वाचणाऱ्याला कळतं, इथे आधी दुसरं काही होतं. लोकसभेच्या नियमावलीतला ३८० वा नियम अध्यक्षांना अशोभनीय किंवा असंसदीय शब्द कामकाजातून वगळायचा अधिकार देतो, आणि छापील वृत्तांतात त्या जागी तारका घालून खाली तळटीप दिलेली असते, की अध्यक्षांच्या आदेशाने वगळले. शब्द गेले, पण जागा राखली. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपाचंही तसंच आहे. २०१७ च्या अखेरीस पाठवलेला निरोप सगळ्यांकडून काढून घेण्याची सोय आली, तेव्हा त्यासाठी सात मिनिटं मिळत. आता दोन दिवसांहून अधिक वेळ मिळतो. पण त्याच्या जागी 'हा मेसेज डिलीट केला' ही ओळ राहतेच, आणि ती वाचून समोरचा हमखास विचारतो, "काय पाठवलं होतंस?"

स्टेटस काढलं की खूण राहत नाही. ज्याने पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी ते कधी नव्हतंच. ज्याने पाहिलं होतं त्याच्याकडे उरते ती आठवण, आणि तिचं काय करायचं ते त्याच्यावर.

इथे मात्र यंत्राने आपल्याला पूर्ण साथ दिलेली नाही. अँड्रॉइड फोनवर आपण पाहिलेली स्टेटस फोनमधल्या एका लपलेल्या फोल्डरात काही काळ उतरलेली असतात. त्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं म्हणून ते एरवी दिसत नाही, एवढंच. दुसऱ्याचं स्टेटस जतन करून देणारी जी अ‍ॅप मिळतात, त्यातली बरीचशी तिथूनच उचलतात. स्क्रीनशॉट तर दोन बटणांचा खेळ. ज्या स्नॅपचॅटने नाहीसं होण्याची कल्पना जगाला दिली, त्यांच्यावरच २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला होता, की फोटो कायमचे जातात हे तुमचं सांगणं खरं नाही, ते साठवून ठेवायचे सोपे मार्ग आहेत. कंपनीला तडजोड करावी लागली.

आणि कोर्टकचेरीचं आयुष्य तर चोवीस तासांच्या हिशेबात बसतच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या स्टेटसवरून हातकणंगले पोलीस ठाण्यात भारतीय दंडविधानाच्या कलम १५३-अ खाली, म्हणजे समाजगटांत वैर वाढवल्याचा, गुन्हा नोंदवला गेला. काश्मीरबाबतचं ३७० वं कलम निष्प्रभ केल्याची तारीख त्यांनी काळा दिवस म्हटली होती आणि पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाला शुभेच्छा दिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. एका दिवसाच्या स्टेटसने दीड वर्षाहून अधिक काळ माणसाची पाठ सोडली नाही. दुसऱ्या एका प्रकरणात २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने असं म्हटलं होतं की स्टेटस हा ओळखीच्या लोकांपर्यंत काही पोचवण्याचाच मार्ग आहे, तेव्हा ते जबाबदारीने ठेवावं. दोन्ही निकाल मला एकत्र वाचावेसे वाटतात. स्टेटस हे बोलणंच आहे, म्हणून त्याला बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. आणि बोलणंच आहे, म्हणून त्याची जबाबदारीही आहे. चोवीस तासांची मुदत दोन्हींतून सुटका करून देत नाही.

कायद्याने आपल्याला पुसून घेण्याचा हक्क द्यायला सुरुवात केली आहे. आपल्या संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. पण तो चालतो कंपन्यांपुढे. एखाद्याने खासगी किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे मैत्रिणीने काढलेल्या स्टेटसचा माझ्या फोनमधला स्क्रीनशॉट कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. तिथे माझं वागणं हाच तिच्यासाठी कायदा.

म्हणून मला पाहणाऱ्याची जबाबदारी ठेवणाऱ्याइतकीच मोठी वाटते. कुणी स्टेटस काढलं की त्याने आपल्याला न सांगता एक विनंती केलेली असते: हे धरून बसू नका. ती विनंती मानायला फार काही लागत नाही. 'काल काय ठेवलं होतंस ग?' असं चारचौघांत विचारू नये. स्क्रीनशॉट असेल तर पुढे पाठवू नये. भांडण झालं की महिन्यांपूर्वीचं काढलेलं स्टेटस पुरावा म्हणून पुढे करू नये. ते ज्या मनःस्थितीत लिहिलं होतं ती त्या माणसाने स्वतःच मागे टाकलेली असते, आणि तो जिथून पुढे आला तिथे त्याला पुन्हा नेऊन उभं करणं अन्यायाचं आहे. तरुण मुलांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने रात्री काही लिहावं, सकाळी शहाणं होऊन काढावं आणि तरी दुपारपर्यंत ते वर्गातल्या प्रत्येक फोनवर फिरत असावं, ही शिक्षा कुठल्याच चुकीच्या मापाची नाही. एक मात्र वेगळं: स्टेटस वाचून त्याच्या जिवाची काळजी वाटली असेल, तर ते काढलं गेलं म्हणून गप्प बसू नये. अशा वेळी त्याला किंवा त्याच्या घरी लगेच फोन करावा. जपायचा असतो तो माणूस. काढलेल्याचा मान त्याच्यासाठीच असतो.

ठेवणाऱ्यालाही एक भेद करता आला पाहिजे. जे फक्त माझं होतं, माझा राग, माझं रडू, माझा उतावीळपणा, ते मी गुपचूप काढावं. त्याचं स्पष्टीकरण मी कुणाला देणं लागत नाही. पण ज्यावर दुसऱ्यांनी विश्वास ठेवला ते नुसतं काढून भागत नाही. धरण फुटल्याची अफवा, मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचा व्हिडिओ, कुणाच्या नावावर खपवलेलं खोटं विधान, एखाद्या समाजाबद्दलचं विखारी वाक्य. हे सकाळी ठेवलं, दुपारी खोटं निघालं म्हणून हळूच काढलं, तर माझा फोन स्वच्छ होतो. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या डोक्यात ते तसंच राहतं. त्यांना ते खोटं होतं हे कळतच नाही, कारण स्टेटस काढल्याची खूण उरत नाही. २०१८ च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच माणसांना जमावाने ठार मारलं, तेव्हा अशा अफवा फोनाफोनांतून फिरत होत्या. त्यातल्या कित्येक नंतर पुसल्या गेल्या असतील. त्या पाच जणांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

अशा वेळी पोथीतल्या त्या पिवळ्या ठिपक्याची गरज असते. खोटं निघालेलं स्टेटस काढावं आणि त्याच जागी नवं ठेवावं: सकाळी मी जे ठेवलं होतं ते खरं नव्हतं, कृपया कुणी पुढे पाठवू नये, ज्यांनी पाठवलं असेल त्यांनी तिथेही कळवावं. खाली आपलं नाव असतंच. हे लिहायला जड जातं, कारण बघणाऱ्यांत साहेब असतात, नणंद असते, मुलाच्या बाई असतात. पण सकाळचं बघणारेही तेच होते. ज्यांना खोटं दिसलं त्यांनाच खरं दाखवायची अशी सोय बोलण्याच्या दुसऱ्या फार थोड्या प्रकारांत आहे. वर्तमानपत्राची दुरुस्ती आतल्या पानावर एका कोपऱ्यात येते आणि बातमी वाचलेल्यांतला क्वचितच कुणी ती वाचतो. स्टेटसची दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच आकारात ठेवता येते. चोवीस तास तिला राहू द्यावं. ती मात्र वेळेआधी काढू नये.